मुघल, ऑटोमन, सफवी: इतिहासाच्या तासाला करता येतील असे पाच खेळ

(एपिसोडचा लेखी मजकूर. बोलण्याच्या ओघात आलेली वाक्यं तशीच ठेवली आहेत.)

आजचा विषय जरा वेगळा आहे. ज्यांना 'इस्लामी साम्राज्यं' म्हणतात, त्यांचा इतिहास शाळेतल्या मुलांना शिकवायचा तर वर्गात नेमकं काय करायचं? भाषण नको, प्रत्यक्ष करता येतील असे खेळ सांगणार आहे. तुमच्यातले बरेच जण शिकवण्या घेतात, कुणी बीएड करतंय, कुणाची धाकटी भावंडं आठवी-नववीत आहेत. त्यांच्यासाठी हा एपिसोड.

आधी माझ्याबद्दल दोन वाक्यं. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, बीटेक केलंय, इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. रविवारी सकाळी पुण्यातल्या एका अभ्यासिकेत आठवी-नववीच्या मुलांना शिकवतो. मुलं मला दादा म्हणतात. गणित आणि विज्ञान शिकवायला गेलो होतो, इतिहास मागाहून गळ्यात पडला आणि आता तोच जास्त आवडतो.

हा विषय शिकवताना एक अडचण येते, ती भूगोलात येत नाही. मुलं कोरी पाटी घेऊन येत नाहीत. 'मुघल' हा शब्द फळ्यावर लिहिला की वर्गात आधीच दहा रील्स आणि वीस फॉरवर्ड हजर असतात. आणि त्याच वर्गात एखाद-दुसरं मूल मुसलमान घरातलं असतं. शब्द फळ्यावर उमटला की दोन-तीन माना त्याच्या बाकाकडे वळतात. चारशे वर्षांपूर्वीच्या बादशहाचा हिशोब तेरा वर्षांच्या पोराकडे मागितला जातो, तोंडाने नाही तर नजरेने. शिकवणाऱ्याने काहीच केलं नाही, तरी हे घडतंच.

म्हणून मी एक पद्धत धरली. राजाचा धर्म आणि लढायांची यादी इथून सुरुवात करायची नाही. प्रत्येक राज्याला जे प्रश्न सोडवावे लागतात तिथून करायची. सैन्याचा पगार कुठून आणायचा? राजा मेला तर पुढे कोण? मित्र कोण, शत्रू कोण? आमच्या कामात नवीन सिस्टिम बघताना पहिला प्रश्न असतो, हे कशासाठी बांधलंय. तसंच.

आणि एकटे मुघल घ्यायचे नाहीत, तीन साम्राज्यं शेजारी-शेजारी ठेवायची. तुर्कस्तानचे ऑटोमन, इराणचे सफवी आणि आपल्याकडचे मुघल. १४५३ साली ऑटोमन सुलतान दुसऱ्या मेहमदने कॉन्स्टँटिनोपल घेतलं. १५०१ साली शाह इस्माइलने तब्रिझमध्ये सफवी राज्य उभं केलं. १५२६ साली बाबराने पानिपत जिंकलं. सोळाव्या शतकाच्या अखेरीला बंगालपासून थेट हंगेरीपर्यंत या तिघांची सत्ता. तिघं शेजारी ठेवले की मुलं आपोआप तुलना करायला लागतात, आणि तुलना करायला लागली की रील्स थोड्या मागे पडतात.

खेळ पहिला: शब्दांची शोधाशोध

सेतू केंद्रातून एखादा कोरा अर्ज आणा, किंवा सातबाराचा नमुना प्रिंट करा. गटागटाने वाटा आणि सांगा, फारसी-अरबीतून आलेत असं वाटतं त्या शब्दांभोवती गोल काढा. अर्ज, दाखला, कागद, जमीन, वारस, हक्क, तालुका, जिल्हा, तहसीलदार, महसूल. दहा मिनिटांत कागदभर गोल होतात.

मग मोबाइल काढा आणि भाषांतराच्या ॲपवर तुर्की आणि फारसी उच्चार ऐकवा. आपलं दप्तर तुर्कीत 'देफ्तेर', म्हणजे वही. आपलं मैदान तिकडे 'मेयदान', बाजार 'पाझार', कलम 'कालेम'. मुलं खदाखदा हसतात, आणि मग एक प्रश्न हमखास येतो: दादा, हे एवढ्या लांब कसं गेलं? उत्तर असं की फारसी ही त्या काळात कचेरीची भाषा होती. इराणची होतीच, मुघल दरबाराची होती, दख्खनच्या सुलतानांकडेही होती. ऑटोमन तुर्की तर फारसी-अरबी शब्दांनी भरलेली होती.

इथे थांबू नका. शिवाजी महाराजांनी 'राज्यव्यवहारकोश' करून घेतला, तो याच शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. पेशवा म्हणजे पंतप्रधान, डबीर म्हणजे सुमंत. मुलांना विचारा, महाराजांना हे का करावंसं वाटलं असेल? आणि तरीही पुढे 'पेशवा' हाच शब्द का टिकला? दोन्ही प्रश्नांवर वर्गात चांगली चर्चा होते. भाषा सत्तेबरोबर येते आणि लोकांच्या तोंडी बसली की सत्तेचं ऐकत नाही, हे मुलं आपापल्या शब्दांत सांगतात.

खेळ दुसरा: पगार कुठून आणणार?

हा माझा आवडता. लागतात फक्त चिंचोके. प्रत्येक गटाच्या राज्यात सहा गावं, प्रत्येक गावाचं वर्षाचं उत्पन्न दहा चिंचोके. सैन्याचा खर्च वर्षाला चाळीस. अडचण अशी की गावं लांब आहेत. वसुली राजधानीपर्यंत आणायची तर दर गावामागे तीन चिंचोके वाटेतच खर्च होतात. आता ठरवा.

सगळी वसुली राजधानीत आणली तर साठातून अठरा गेले, हाती बेचाळीस. सैन्याला चाळीस दिले, खजिन्यात उरले दोन. मग कुणीतरी हुशार पोरगी म्हणते, चार गावं सरदारांनाच देऊन टाकू, त्यांनी तिथलं उत्पन्न घ्यावं आणि सैन्य सांभाळावं. उरलेल्या दोन गावांचे वीस, वाटखर्च सहा वजा, खजिन्यात चौदा! वर्गात टाळ्या पडतात. मी म्हणतो, शाबास, तुम्ही आत्ता जहागीर शोधून काढलीत. ऑटोमनांकडे त्याला 'तिमार' म्हणत, मुघलांकडे जहागीर.

दुसरी फेरी. एक सरदार वीस वर्षं एकाच गावात आहे. लोक राजापेक्षा त्याला जास्त ओळखतात. त्याला जहागीर मुलाच्या नावावर करायची आहे. काय कराल? बहुतेक गट म्हणतात, बदली करा. मुघलांनी हेच केलं, जहागीरदारांच्या दर काही वर्षांनी बदल्या होत. मग मी नियम वाढवतो. तीन वर्षांत जायचंच आहे हे माहीत असलेला सरदार गावातून दहाऐवजी तेरा काढतो आणि पुढच्या वर्षी गाव आठच देतं. औरंगजेबाच्या काळात भारतात राहिलेल्या बर्निए या फ्रेंच डॉक्टरने नेमकी हीच तक्रार लिहून ठेवली आहे.

तिसरी फेरी इराणची. शाह अब्बासने, म्हणजे १५८८ ते १६२९ या काळातल्या राजाने, टोळीवाल्या सरदारांकडचे प्रांत काढून थेट राजाच्या नावावर केले आणि खजिन्यातून पगार घेणारी फौज उभी केली. मग पैसा? रेशीम. रेशमाच्या व्यापारावर त्याने घट्ट पकड बसवली. मुलांना विचारा, रेशमाचा भाव पडला तर?

तासाच्या शेवटी प्रत्येकाने वहीत एकच वाक्य लिहायचं: आमच्या राज्याने काय मिळवलं आणि त्यासाठी काय गमावलं. आयटीवाले याला ट्रेड-ऑफ म्हणतात. पोरं म्हणतात, 'दादा, कसंही केलं तरी कुठेतरी फाटतंच.' सोळाव्या शतकातल्या वजिराला हे वाक्य नक्की पटलं असतं.

खेळ तिसरा: गादी कुणाची?

चार मुलांना चिठ्ठ्या: थोरला, लढवय्या, बापाचा लाडका आणि लांबच्या प्रांतात अडकलेला. राजा आजारी आहे. वर्गाने नियम ठरवायचा, गादी कुणाला आणि का.

मग खरे नियम सांगा. ऑटोमनांकडे सुरुवातीला राजपुत्र प्रांतांत सुभेदारी करत, बाप मेला की शर्यत लागे, आणि जिंकणारा भावांना मारून टाकी. १५९५ साली तिसऱ्या मेहमदने आपल्या एकोणीस भावांना मारवलं. पुढे हे त्यांनाच सोसेना. मग राजपुत्रांना राजवाड्यातच कोंडून ठेवायला लागले आणि गादी घराण्यातल्या वयाने मोठ्या पुरुषाकडे जाऊ लागली. रक्त कमी सांडलं, पण बाहेरचं जग न पाहिलेले सुलतान तयार झाले. इराणमध्ये शाह अब्बासने स्वतःच्या एका मुलाला ठार करवलं आणि दोघांचे डोळे काढवले. मुघलांकडे १६५७ साली शाहजहान आजारी पडला आणि दारा, शुजा, औरंगजेब, मुराद या चौघांत युद्ध पेटलं.

इथे एखादं मूल म्हणतं, 'हे लोक असेच होते.' रागवू नका. विचारा, आपल्याकडे १७०७ नंतर काय झालं? ताराबाई आणि शाहू महाराज यांच्यात गादीवरून संघर्ष झाला आणि साताऱ्याची एक, कोल्हापूरची एक अशा दोन गाद्या झाल्या. इंग्लंडमध्ये गुलाबांची युद्धं झाली. गादी एक आणि दावेदार अनेक, हा प्रश्न कुठल्या एका धर्माचा नाही. हे वाक्य आपण म्हणायची गरज पडत नाही. तक्ता फळ्यावर असला की मुलंच म्हणतात.

खेळ चौथा: दोस्ती कुणाशी?

फळ्यावर मोठा नकाशा. सात गटांना सात चिठ्ठ्या: ऑटोमन, सफवी, मुघल, उझबेक, फ्रान्स, ऑस्ट्रियाचे हॅब्सबर्ग, पोर्तुगीज. प्रत्येकाने एक मित्र आणि एक शत्रू निवडायचा आणि कारण सांगायचं. पहिल्यांदा बहुतेक गट धर्म बघून जोड्या लावतात. सगळे मुसलमान इकडे, सगळे ख्रिस्ती तिकडे. लावू द्या.

मग एकेक खरी घटना वाचा आणि नकाशावर दोरा बांधा. १५१४, चाल्दिरानची लढाई: ऑटोमन सुलतान सलीम विरुद्ध सफवी शाह इस्माइल, एक सुन्नी, एक शिया. १५४३, फ्रान्सच्या ख्रिस्ती राजाच्या मदतीला आलेलं ऑटोमन आरमार हिवाळाभर फ्रान्सच्याच तुलाँ बंदरात मुक्कामाला. १५४४, राज्य गमावलेला हुमायून इराणच्या शाह तहमास्पच्या आश्रयाला. १६२२, शाह अब्बासने इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांची मदत घेऊन पोर्तुगीजांकडून होर्मुझ घेतलं, आणि त्याच वर्षी जहांगिराकडून कंदाहारही. दोऱ्यांचा असा गुंता होतो की पहिल्या जोड्यांतली एखादीच शिल्लक राहते.

नकाशा थोडा खाली सरकवला की आपलं दख्खन. १५४९ साली अहमदनगरला 'मलिक-ए-मैदान' ही प्रचंड तोफ ओतली गेली, ती ओतणारा कारागीर रूमी, म्हणजे ऑटोमन मुलखातला. तोफ आज विजापूरला आहे. निजामशाही वाचवण्यासाठी अकबराच्या फौजेशी लढली चांदबीबी. पुढे जहांगिराच्या फौजांना जेरीस आणलं मलिक अंबरने. हा इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि अहमदनगरचा कारभारी झालेला माणूस. त्याच्या सैन्यात मराठे सरदार होते. आणि औरंगजेबाने १६८६ मध्ये विजापूर, १६८७ मध्ये गोवळकोंडा बुडवलं, तीही मुसलमान राज्यंच होती.

एका मुलाने मध्येच विचारलं, 'दादा, पण व्हिडिओत तर वेगळंच सांगतात.' मी म्हटलं, व्हिडिओला एकच प्रश्न विचार: तुला हे कशावरून कळलं? तोच प्रश्न मलाही विचारायचा. तेव्हापासून तो मला दर रविवारी विचारतो. घाम फुटतो, पण बरंही वाटतं.

खेळ पाचवा: दोन्ही खरं

आता अवघड भाग. वरचं सगळं ऐकून कुणी म्हणेल, तुम्ही गोड-गोड करून सांगताय. म्हणून हा खेळ वगळायचा नाही. प्रत्येक जोडीला एकाच राजवटीबद्दल दोन कार्डं. दोन्हीवरचं खरं.

अकबर: १५६४ साली जिझिया रद्द केला. १५६८ साली चित्तोड घेतल्यावर हजारो लोकांची कत्तल करवली.

शाह अब्बास: आर्मेनियन ख्रिस्ती लोकांना जुल्फा गावातून जबरदस्तीने उठवून इस्फहानला नेलं. तिथे त्यांना नवी जुल्फा वसवून दिली, चर्च बांधू दिलं, रेशमाचा व्यापार त्यांच्या हाती दिला.

ऑटोमन: १४९२ साली स्पेनने हाकलून दिलेल्या ज्यूंना आसरा दिला. बाल्कनमधल्या ख्रिस्ती घरांतून मुलगे सक्तीने नेऊन, मुसलमान करून, सैनिक आणि अधिकारी बनवले.

औरंगजेब: १६६९ साली त्याच्या हुकमाने काशीविश्वेश्वराचं मंदिर पाडलं गेलं, १६७९ साली जिझिया परत लावला. त्याच काशीतल्या जंगमवाडी मठाची जुनी दानं चालू ठेवण्याचे त्याचे हुकूमही आहेत.

खेळ असा की दोन्ही गोष्टी सांगणारं एकच वाक्य लिहायचं, आणि त्यात 'पण' हा शब्द वापरायचा नाही. 'आणि' चालेल. करून बघा, फार अवघड जातं. कारण 'पण' आला की आपण एक गोष्ट दुसरीच्या खाली दडपतो. 'कत्तल केली पण जिझिया काढला' यात कत्तल लहान होते, उलटं लिहिलं की जिझिया लहान होतो. दोन्हींचं वजन सारखं आहे असं माझं म्हणणं नाही. वजन मुलांनी करावं, त्याआधी दोन्ही गोष्टी पारड्यात पडल्या पाहिजेत एवढंच.

आमच्या अभ्यासिकेत एक मुलगी आहे. इतिहासाच्या तासाला ती मान खाली घालून वहीत रेघोट्या मारत बसायची. कारण मी मघाशी सांगितलं तेच, वळणाऱ्या माना. तिच्या जोडीला ऑटोमनांची कार्डं आली होती. नेलेल्या मुलांतले काही फार वर चढले. वास्तुकार सिनान त्यांतलाच, बोस्नियातून नेलेला सोकुल्लू मेहमद पाशा तर साम्राज्याचा वजीर झाला. हे मी सांगत असताना तिने हात वर केला आणि विचारलं, 'दादा, त्यांच्या आयांनी काय केलं असेल?' इतिहासाच्या तासातला तिचा हा पहिला प्रश्न. मी तिला खरं ते सांगितलं. सरकारी वहीत मुलाचं नाव सापडतं, बापाचं नाव, गाव, रंगरूप. आईला काय वाटलं याचा रकाना त्या वहीत नाही. उरलेला तास सगळा वर्ग त्या न लिहिलेल्या रकान्यावर बोलत होता आणि कुणाचीही मान तिच्या बाकाकडे वळली नाही. वळली ती तिचं म्हणणं ऐकायला.

काही पथ्यं

एक, गट नेहमी चिठ्ठीने पाडा. मुसलमान मुलाला मुघल आणि मराठा मुलाला मावळा, असं चुकूनही नको.

दोन, लढाई, कत्तल, गुलामांचा बाजार यांचा अभिनय करायला लावू नका. त्यावर लिहा, बोला, नकाशा काढा. नाटक नको.

तीन, कुठल्याही मुलाला 'तुमच्यात याला काय म्हणतात रे?' असं विचारून अख्ख्या समाजाचा वकील बनवू नका. त्याला स्वतःहून सांगायचं असेल तर जरूर ऐका.

चार, जे वाईट घडलं ते लपवू नका. मुलांच्या हातात फोन आहे. आपण लपवलेली गोष्ट त्यांना संध्याकाळी सापडते, आणि मग आपण सांगितलेलं खरंसुद्धा खोटं ठरतं.

पाच, एका तासाला एकच खेळ. शेवटची पाच मिनिटं फक्त एका प्रश्नासाठी ठेवा: आज जे कळलं ते कशावरून कळलं? शिलालेख, नाणं, फर्मान, प्रवाशाचं वर्णन, की दादा म्हणाला म्हणून? 'दादा म्हणाला म्हणून' या रकान्यात जास्त गोष्टी गेल्या, तर पुढच्या रविवारी मी जास्त तयारी करून जायचं.

खर्चाचं म्हणाल तर चिंचोके फुकट, दोरा दहा रुपयांचा, प्रिंटचे वीस-पंचवीस रुपये. प्रोजेक्टर लागत नाही. परीक्षेत याचा उपयोग काय, असं पालक विचारतातच. मी सांगतो, मनसबदारी आणि जहागीरदारी यावरचं उत्तर ही मुलं पाठ न करता लिहितात, कारण चिंचोके त्यांनी स्वतः मोजलेत.

तर मंडळी, यातला एक तरी खेळ करून बघा. वर्ग नसेल तर घरी चार भावंडं आणि मूठभर चिंचोके घेऊन बसा. काय झालं ते नक्की कळवा, खासकरून तुमच्या चमूने गादीचा कुठला नियम निवडला ते. पुढच्या एपिसोडमध्ये नाणी घेऊन बसू. एका नाण्यावरून राजा, टाकसाळ आणि वर्ष कसं ओळखायचं, ते बघू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि पुढचा फॉरवर्ड आला की त्याला विचारा: कशावरून?